लाटण्याएवढं पेन

सासूबाईंनी कोलेट आधी नटमध्ये बसवला, टक् असा आवाज आला, आणि माझ्या हातातला कप बशीसकट कलंडला.

यात कप कलंडण्यासारखं काय आहे, असं वाटेल. तर सांगते. आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझं लेथ मशीन आहे. त्यावर मी पेनं करते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझा गुरू म्हणजे मोबाईल, आणि गुरुदक्षिणा म्हणजे टोपलीभर वाया गेलेला माल. पेनाचा दांडा मशीनवर धरायला जो चक असतो, त्यात कोलेट घालतात. कोलेट म्हणजे पोलादाची छोटीशी बाही समजा, उभ्या चिरा पाडलेली. बाहीत दांडा सरकवायचा, वरून नट आवळायचा, की बाही आक्रसते आणि दांड्याला सगळीकडून सारखं धरते. जबड्यांचा चक दांड्याला चावतो, वळ उठवतो. कोलेट कुशीत घेतो.

पण त्यात एक खोच आहे. आपली अक्कल सांगते की बाही आधी चकच्या भोकात टाकावी आणि मग वरून नट लावावा. साफ चूक. बाही आधी नटमध्ये तिरकी धरून दाबायची, टक् वाजलं की बसली, मग ती जोडी चकवर चढवायची. नाहीतर काम झाल्यावर नट निघतो आणि कोलेट आतच रुतून बसतो, पाहुणा बसतो तसा. पहिल्या वेळी मी तो मागून ठोकून काढला होता. कोलेट गेला, हातोडीचा दांडा गेला आणि दिवसभर माझं तोंड उतरलेलं राहिलं.

आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात शिलाई मशीनपलीकडे यंत्राला हात लावला नव्हता, त्यांनी पहिल्याच फटक्यात ते टक् वाजवलं. एवढंच नाही. नट आवळण्याआधी त्यांनी चकच्या तोंडावर फुंकर मारली, अंगठा आतून फिरवून कीस राहिला नाही ना ते पाहिलं, आणि नट बोटांनीच लावून चक हाताने एक वेढा फिरवला.

“आई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कशाला शिकवायला हवं? डोकं आहे की मला.”

“डोकं मलापण आहे. माझा कोलेट ठोकून काढावा लागला होता.”

“मग असेल काहीतरी फरक,” असं म्हणून त्या पान्याकडे वळल्या. “सांडलेला चहा पूस आधी. मुंग्या येतील.”

आमच्या सासूबाईंचं हे असं आहे. सासरे गेल्यावर त्या रडल्या, मग कपाटं आवरली, मग पोहायला शिकल्या. त्यामुळे “मला एक पेन करायचंय, माझ्या हाताने,” असं त्या म्हणाल्या तेव्हा मला विशेष वाटलं नव्हतं. वाटलं, चला, पोहण्यानंतर हे. आम्ही दोघी एका घरात इतकी वर्षं भांडलो आहोत की भांडणाशिवाय आमचा दिवस मावळत नाही. मला तर वाटलं की मागच्या खोलीत येऊन भांडायची सोय म्हणूनच त्या शिकताहेत.

पेनाच्या बाबतीत मात्र त्या हट्टाला पेटल्या होत्या.

मी नेहमी आधी लाकडाचा नमुना करते. तो हातात धरून बघायचा, पटला की मग खरा दांडा कापायचा. मी नेहमीच्या मापाचा नमुना करून दिला. सासूबाईंनी तो पदार्थाची चव बघावी तसा हातात घोळवला, संध्याकाळी फिरायला जाताना पिशवीत टाकला आणि परत आल्यावर म्हणाल्या, “जाड हवं.”

जाड केला. तो फिरून आला. “अजून जाड.”

“आई, हे पेन नाही राहिलं. लाटणं झालंय.”

“लाटणं तर लाटणं. माझे सांधे धरतात, तुला काय माहीत.”

सांधे? याच बाईंनी आदल्या दिवशी चष्मा न लावता सुईत दोरा ओवला होता. पण म्हातारपणाचं दुखणं सकाळी असतं, दुपारी नसतं, असं समजून मी गप्प बसले. वीस मिलिमीटरचा दांडा काढला, माझ्याकडच्या एका मोठ्या कोलेटमध्ये बसणारा. रंग त्यांनी निवडला, गडद हिरवा. वर आणखी फर्मान निघालं की पेन जाड हवं पण हलकं हवं. म्हणजे आतून पोखरून काढायचं, भिंत अंड्याच्या टरफलासारखी ठेवायची. आणि पुढे निब हवी, कारण निबेला दाबावं लागत नाही, नुसती टेकली की शाई उतरते.

मला कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्या मशीनसमोर उभ्या राहायच्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केस रुमालात बांधलेले, डोळ्यांवर माझा संरक्षणाचा जाड चष्मा. हिरव्या ऍक्रिलिकच्या रिबिनी भराभर सुटायच्या आणि त्यांच्या हनुवटीला चिकटायच्या. भोक पाडताना ड्रिल तापू नये म्हणून त्या थोडं आत जायच्या, थांबायच्या, बाहेर काढून कीस झाडायच्या, पुन्हा आत. मी सुरुवातीला दांडा वितळवूनच ते शिकले होते.

शेवटच्या नमुन्यावर त्यांनी पेन्सिलने खूण करून आणली. “इथे थोडं सपाट कर. अंगठा टेकायला. म्हणजे निब उलटी धरली जाणार नाही.”

कल्पना चांगली होती. मी नमुना हातात घेतला, निबेची बाजू वर केली आणि खुणेवर अंगठा टेकायला गेले. टेकेना. मनगट वळवलं, तरी टेकेना. उजव्या हाताने लिहिताना अंगठा पेनाच्या डाव्या अंगाला येतो. खूण उजव्या अंगाला होती. मी नमुना डाव्या हातात घेतला. अंगठा बरोब्बर खुणेवर बसला.

सासूबाई उजव्या हाताने लिहितात. उजव्या हाताने जेवतात, उजव्या हातानेच मला दार दाखवतात.

“आई,” मी म्हटलं, “हा हात तुमचा नाही.”

त्यांनी मशीन बंद केलं. चक फिरत फिरत मंदावला आणि थांबला. डोळ्यांवरचा जाड चष्मा त्यांनी कपाळावर सारला.

“नाही. त्यांचा आहे.”

“कुणाचा?”

“घड्याळवाल्यांचा.”

“कोपऱ्यावरचे? घड्याळकाका?”

“तेच. आणखी कोण आहे आपल्याकडे घड्याळवाला.” त्यांनी हनुवटीवरची हिरवी रिबीन काढली, बोटाला गुंडाळली, सोडली. “सोमवारी आम्ही लग्न करतोय. नोंदणी कचेरीत. मी त्यांच्याकडे राहायला जाणार आहे, दुकानाच्या वरच्या खोलीत.”

मी खाली बसले. तिथे स्टूल होतं म्हणून बरं, नसतं तरी बसले असते. कानात मशीनचाच आवाज येत राहिला, मशीन बंद असूनही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला त्या दिसत नव्हत्या, त्यांच्या मागच्या भिंतीवरचे टांगलेले पाने दिसत होते. एक पाना वाकडा टांगला होता. मी उठून तो सरळ केला आणि परत येऊन बसले.

“लग्न,” मी म्हटलं.

“हो.”

“सोमवारी.”

“हो गं. पोपट झालीयेस का तू?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. घड्याळकाकांच्या दुकानाला कुलूप लागलं ते त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून, हे मला माहीत होतं. उजवा हात गेला, हेही माहीत होतं. सासूबाई संध्याकाळी फिरायला जायच्या त्या तिथे बसायला जायच्या, हे काही माहीत नव्हतं. घड्याळवाल्यांच्या कामातही कोलेट असतात, मटारच्या दाण्याएवढे. काकांचं बोटभर लेथ अजून खिडकीत होतं. हात चालत नसला तरी तोंड चालत होतं, त्यामुळे सासूबाईंची शिकवणी तिथे झाली होती. टक् कसं वाजवायचं, ते तिथे.

“नोटीस द्यायला गेलो ना,” सासूबाई म्हणाल्या, “तेव्हा त्या कारकुनाने यांचा हात बघितला आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठा लावा म्हणाला. वाईट नव्हता बिचारा. यांनी लावला. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, जन्मभर केसाएवढे स्क्रू फिरवले, आणि स्वतःच्या लग्नाला अंगठा. मी म्हटलं, सोमवारी तुम्ही सही करणार. माझा शब्द आहे.” त्या थांबल्या. “साधं पेन त्यांच्या डाव्या हातातून गळून पडतं. डावा हात धड आहे, पण तो आयुष्यभर बसूनच होता. त्याला काही येत नाही.”

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल? लग्न नाही.

“मला सांगितलं नाहीत,” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझं तोंड म्हणजे नोटीस बोर्ड. माझ्या लेकाने येता-जाता वाचलं असतं.”

लेकाला जेवताना सांगितलं. आमचे हे बँकेत आहेत, काउंटरवर. दिवसभर लोकांच्या सह्या तपासतात आणि काचेमागून “सही जुळत नाही” असं सांगतात. घरातही त्यांचा चेहरा साधारण तसाच असतो. सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं. ह्यांनी घास चावून पूर्ण केला, पाणी प्यायले आणि विचारलं, “आई, तुझं वय काय?”

“ते तुला माहीत हवं. तुझ्या जन्माच्या वेळी मी हजर होते.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, हिची सून बघा, कशी आ वासून बसलीये.”

मी तोंड मिटलं. हे उठले. हात धुतले. स्वयंपाकघरातला नळ कधीपासून थेंब थेंब गळत होता, तो त्यांनी त्या क्षणी दुरुस्त करायला घेतला. नळाखाली डोकं घालून आतूनच म्हणाले, “मी साक्षीदार म्हणून येणार नाही. आधीच सांगतो.”

“तुला कुणी बोलावलंय? पोहण्याच्या वर्गातल्या दोघी येणार आहेत, तिसरी ही.”

नळाखालून आधी पाना पडल्याचा आवाज आला. मग शब्द आले, “मी त्यांना घड्याळकाका म्हणतो. आता काय म्हणायचं?”

“काका म्हणत होतास, काकाच म्हण. त्यांना कुठे बाबा व्हायची हौस आहे.”

नळ आणखी जास्त गळायला लागला.

पुढचे दिवस आमच्या घरात सगळे एकमेकांना वाट देत चालत होते. मी भाजीत मीठ दोनदा घालत होते. सासूबाई कपाट आवरत होत्या आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन मला हाक मारत होत्या, “ही तुला ठेवू?” मी म्हणायचे, “नको, न्या.” त्या म्हणायच्या, “बरं,” आणि ती माझ्या खोलीत आणून ठेवायच्या. भांडण असं एकही झालं नाही. मला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी पेनाचं एकच काम उरलं होतं. मधला पोकळ भाग तयार होता, सासूबाईंनी स्वतः कातलेला, घासून घासून पाण्यासारखा चमकवलेला. त्याच्या तोंडाशी आतून आटे पाडायचे होते, म्हणजे पुढचा निबेचा भाग त्यात फिरवून बसेल. आटे पाडायला मनगटात जोर लागतो, म्हणून ते काम माझ्याकडे होतं.

पोकळ नळी कोलेटमध्ये धरायची तर आधी तिच्या पोटात लाकडाची घट्ट गुल्ली सारायची. कोलेट कुशीत घेतो खरा, पण आत काहीच नसेल तर त्याची कूसही सोसत नाही. हे मी सासूबाईंना रोज सांगत होते. त्या वैतागून म्हणायच्या, “कळलं गं, गुल्ली, गुल्ली.” गुल्ली त्यांनीच करून ठेवली होती, मशीनच्या कडेला, माझ्या डाव्या हाताशी.

मी नळी कोलेटमध्ये घातली. नट लावला. पाना घेतला. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते मला पक्कं आठवतं. उद्या संध्याकाळी चहा किती टाकायचा, हे होतं. तीन कपांची सवय, आता दोन. मी पाना ओढला. मग आणखी ओढला.

काच तडकावी तसा आवाज झाला. मोठा नाही.

मी नट सोडला. नळी बाहेर काढली. तोंडापासून शेपटीपर्यंत एक पांढरी रेघ गेली होती, आणि बोटाने दाबलं की ती उघडत होती. गुल्ली जिथल्या तिथे होती, माझ्या डाव्या हाताशी.

मागे वळले तर सासूबाई दारात उभ्या.

“गुल्ली?” त्या म्हणाल्या.

“राहिली.”

“तुझ्याकडून?”

त्यांना विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. पण मला ऐकू आलं. मुद्दाम केलंस का? आणि मला तोच धक्का बसला, पेन तडकल्याचा नव्हे. कारण मी उत्तर शोधलं आणि ते सापडेना. एवढी कामं केली, मी गुल्ली कधी विसरले नव्हते. आणि पहिल्या ओढीतच नट बसला होता. दुसऱ्यांदा पाना का ओढला?

“आई, मला माहीत नाही,” मी म्हटलं. “खरंच माहीत नाही.”

त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली. उजेडात धरून रेघ पाहिली. मला वाटलं, आता भांडतील. देवा, भांडू देत. पण त्यांचे खांदे एकदम उतरले, आणि मला पहिल्यांदा दिसलं की या बाई म्हाताऱ्या आहेत.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “उद्या अंगठा लावतील. लग्न काय, अंगठ्यानेही लागतं.”

“अंगठा नाही लावायचा,” मी ओरडलेच. “बोलवा त्यांना इथे. आत्ता. त्यांचा हात मला बघू दे. तुमच्या पिशवीतून नमुने नाचवण्यात आपला आठवडा गेला. हात समोर असेल तर दुपारपर्यंत पेन होतं.”

“हिरवा दांडा संपलाय.”

“तपकिरी आहे.”

“तपकिरी मला आवडत नाही.”

“तुम्हाला कोण विचारतंय? सही त्यांना करायचीये.”

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी परत आलं. “किती ओरडतेस गं,” त्या म्हणाल्या, आणि चपला घालून गेल्या.

घड्याळकाका आले तेव्हा दार ह्यांनी उघडलं. आत मला कुणाचाच आवाज आला नाही, म्हणून मी घाबरून बाहेर डोकावले. दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. काका इस्त्रीच्या शर्टात, उजवी बाही नीट खाली ओढलेली. हे बनियनवर.

“या,” हे शेवटी म्हणाले. “म्हणजे, या.”

मागच्या खोलीत काका स्टुलावर बसले. मी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. लांब, बारीक बोटं, नखं स्वच्छ कापलेली. सासूबाईंनीच कापली असणार. व्हर्निअरने, म्हणजे सरकत्या मोजपट्टीने, अंगठा आणि बोटांमधली जागा मोजली. आमचं लाटणंसुद्धा बारीक होतं. तळहाताला लागेल असा फुगवटा मागे हवा होता, हे पिशवीतल्या नमुन्याने कधीच सांगितलं नसतं.

“सूनबाई,” काका म्हणाले, “मी तुमच्या आईंना पळवून नेतोय असं नका समजू.”

“पळवताय तर पळवा. पण त्या घोरतात, हे त्यांनी सांगितलंय का?”

“मी घोरत नाही!” सासूबाई.

“मला एका कानाने कमी ऐकू येतं,” काका म्हणाले. “मी त्या कुशीवर झोपणार नाही, एवढं बघायचं.”

मी कोलेट नटमध्ये घातला. टक्. काकांनी मान डोलावली. सासूबाईंनी दांडा कातला, मी भोक पाडलं, भिंत पुन्हा टरफलाएवढी केली. गुल्ली घालताना सासूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि मीही माझ्या हाताकडे बघत होते, परक्याच्या हाताकडे बघावं तसं. पाना एकदा ओढला. थांबले. आटे पाडले. निबेचा भाग फिरवून बसवला. अंगठ्याची जागा कानसीने सपाट केली. थोडी कानस, काकांच्या हातात, पुन्हा थोडी कानस.

दुपारी उन्हं खिडकीतून मशीनवर आली तेव्हा तपकिरी, फुगीर, हास्यास्पद दिसणारं ते पेन काकांच्या डाव्या हातात होतं, आणि पडत नव्हतं.

मी कागद पुढे केला. काकांनी निब टेकवली आणि सही करायला सुरुवात केली. जन्मभराची वळणदार सही असणार, लपेटे घेणारी. डावा हात पहिल्याच लपेट्यात अडकला. रेघ वर गेली, थरथरली, कागदाबाहेर गेली. दुसरी सही त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी काकांनी निब उचललीच नाही. कागदावर शाईचा डाग मोठा होत गेला.

“पेन चांगलं आहे,” ते म्हणाले. “हात शिकाऊ आहे.”

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, संपलं. पेन झालं आणि सही नाही.

“लपेटे कशाला काढताय?”

दारात हे उभे होते. कधीपासून, कोण जाणे. आत आले, कागद उचलला, काउंटरवर धरतात तसा दोन बोटांत धरला.

“ही सही जुळणार नाही,” हे म्हणाले. पण हे पुढे बोलत राहिले, काचेमागच्याच आवाजात. “उजव्या हाताची सही डाव्याला जमत नाही. रोज येतात असे लोक. जुनी सही ओढायला जातात आणि रडतात. जुनी सोडा. नवी धरा. साधं नाव, सुटी अक्षरं, रेघ सरळ. तीनदा सारखी आली की ती तुमची सही. मग कुणाच्या बापाला नाही म्हणता येत नाही.”

आणि त्यांनी खुर्ची ओढली. बँकेतल्या माणसाने, जो घरात रविवारी टीव्हीचा रिमोटसुद्धा मागून घेतो, त्याने स्वतः खुर्ची ओढली, कागद टेबलावर तिरका ठेवला, तो सरकू नये म्हणून त्यावर माझं व्हर्निअर ठेवलं आणि काकांच्या डाव्या कोपराखाली उशी सारली. “हात नाही हलवायचा. खांद्यातून या. हं. पहिलं अक्षर.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे. मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस न पेटवताच पातेल्यासमोर उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत ते दोघे बसले होते. “साहेब, हे बघा,” काका म्हणायचे. “साहेब नाही,” हे म्हणायचे, आणि काय म्हणायचं ते मात्र सांगायचे नाहीत. “मधलं अक्षर खाली घसरतंय. पुन्हा.”

सोमवारी मी आणि सासूबाई रिक्षाने गेलो. हे सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन बँकेत गेले होते. नोंदणी कचेरीत लाकडी बाक होते, भिंतीवर पंखा होता, आमच्या आधी एक तरुण जोडपं फोटोसाठी केस नीट करत होतं. काका पेन शर्टच्या खिशात मावेना म्हणून हातात धरून बसले होते, मेणबत्ती धरावी तसं. पोहण्याच्या वर्गातल्या दोघींपैकी एकच आली. दुसरीला ताप होता.

“साक्षीदार तीन लागतात,” कारकून म्हणाला.

“शोधते मी,” असं म्हणत सासूबाई त्या तरुण जोडप्याकडे निघाल्याच होत्या. मी त्यांना थांबवलं. आधी सही होऊ दे, म्हटलं.

आमची पाळी आली. रजिस्टर उघडलं. कारकुनाने काकांचा लोंबता उजवा हात पाहिला आणि हात सवयीने शाईच्या पॅडकडे गेला.

“सही करणार आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

काकांनी रजिस्टर तिरकं केलं. कारकुनाने ते सरळ केलं. काकांनी पुन्हा तिरकं केलं. पेन धरलं, अंगठा सपाट जागेवर टेकवला आणि पहिलं अक्षर काढलं. दुसरं. मागे रांग होती, कुणीतरी खोकलं. मधल्या अक्षराला हात थरथरला. शेजारी सासूबाईंनी माझी बाही घट्ट पकडली होती. शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर उतरलं आणि तिथे थांबलं.

कारकुनाने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं. बघितलं. कपाळाला आठी पडली.

“आजोबा, ही सही नोटिशीवरच्या कशाशी पडताळायची? तिथे अंगठा आहे. साहेबांना विचारावं लागेल. अंगठाच लावलात तर बरं—”

“माझ्यासमोर केलीये.”

मागून आवाज आला. काचेमागचा. हे रांगेतून पुढे येत होते, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्यात रुमाल, कपाळावर घाम. त्यांनी डबा सरळ काउंटरवर ठेवला.

“सही त्यांचीच आहे. मी काल दिवसभर बघितलीये. तिसरा साक्षीदार मी. माझं नाव घाला.”

“तुम्ही कोण यांचे?” कारकुनाने विचारलं.

ह्यांनी काकांकडे बघितलं. मग आईकडे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला सगळ्यांसमोर शब्द न सापडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मुलगा,” हे म्हणाले. “बाईंचा. म्हणजे, आता काय ते तुम्हीच लिहा.”

कारकुनाने “मुलगा” एवढंच लिहिलं. ह्यांनी सही केली, रोजची, छापल्यासारखी. त्यांच्या खालची ओळ माझी होती. पण माझ्याने पेन उचलवेना. मी ह्यांच्याकडेच बघत होते, डब्याकडे, घामाकडे, बँक सोडून भर दुपारी इथे उभ्या राहिलेल्या त्या माणसाकडे.

सासूबाईंनी माझ्या हनुवटीला बोट लावलं आणि माझं तोंड मिटलं.

“सही कर,” त्या म्हणाल्या. “लोक खोळंबलेत.”